तिकडच्या दोघी

आमच्या लॅबमध्ये दात बनायचे. कवळ्या, टोप्या, कधी एखादा पुढचा सुटा दात. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे, त्यांत आम्ही प्लास्टर ओतायचो, आणि ते वाळलं की पांढरे जबडे टेबलावर मांडून ज्याची जी उणीव असेल ती भरून काढायचो. माणूस आम्हाला कधी दिसायचा नाही, त्याचा चावा तेवढा दिसायचा. मालकांचा एकच विनोद होता, "आपल्याकडे खायचे आणि दाखवायचे दात वेगळे ठेवत नाहीत." नवीन माणूस आलं की ते हा विनोद करायचे आणि आम्ही जुनी माणसं नेमाने हसायचो.

ती आली तेव्हा मात्र विनोद ऐकून हसली नाही. मान हलवली आणि सरळ मेण वितळवायच्या दिव्यापाशी जाऊन बसली. माझ्या शेजारचंच टेबल तिला मिळालं. पस्तिशीची, शिडशिडीत, केस घट्ट मागे बांधलेले. हात असा चालायचा की मेणाच्या गोळ्यातून दाढ जणू आपणहून वर यायची. दुसऱ्या राज्यातून दोन मुलींना घेऊन आली होती. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पण घटस्फोटाचा निकाल अजून लागायचा होता. एवढं मालकांनी सांगितलं. बाकीचं तिनेच सांगितलं, हळूहळू, हातातल्या कामावरची नजर न काढता. समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते शेजारी शेजारी बसून काम करताना बोलून जातं.

तिचा नवरा शहराच्या पाणीपुरवठ्यात, पंपघरावर होता. दारू नाही, मारझोड नाही, दुसरी बाई नाही. त्यामुळे आपण का निघालो हे सांगायला तिला कोर्टातसुद्धा शब्द सापडेनात. झालं होतं ते असं. त्याची आई त्यांच्याजवळच असायची. अंथरुणाला खिळली तेव्हा त्यानेच तिचं सगळं केलं आणि अगदी मनापासून केलं. ती गेली, आणि तिची खोली मात्र गेली नाही. चादर रोज बदलली जायची. जेवताना तिचं ताट वाढलं जायचं. हिला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. वर्ष उलटलं तरी त्या खोलीत जाऊन त्याच्या आईशी गप्पा चालूच. घरी कोणी आलं की म्हणायचा, "जरा हळू बोला, आईचा नुकता डोळा लागलाय." आणि येणारी माणसं खरंच आवाज खाली आणायची. सगळ्यात वाईट म्हणजे, एक दिवस तिच्या लक्षात आलं की त्या खोलीवरून जाताना आपलीही पावलं आता वाजत नाहीत.

तरी ती राहिली असती. पण एका दुपारी धाकटी त्या खोलीतून बाहेर आली आणि सहज म्हणाली, "आजी म्हणते, पंखा बंद कर, तिला गार लागतंय." धाकटीला ती ठकी म्हणायची. आजी गेली तेव्हा ठकीला नीट बोलताही येत नव्हतं. त्याच आठवड्यात हिने बाहेरगावची नोकरी शोधायला सुरुवात केली.

मुलींना राज्याबाहेर न्यायचं तर कोर्टाची परवानगी हवी, आणि बापाची हरकत असेल तर ती मिळणं कठीण. वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं, हे वर्षानुवर्षं चालू शकतं. प्रत्यक्षात न्यायाधीशांनी विचारलं आणि तो शांतपणे उभा राहून म्हणाला, "नेऊ दे तिला. त्या तशाही घरीच असतात."

न्यायाधीशांना त्यात बापाचं मोठं मन दिसलं. वकीलबाईंनी बाहेर येऊन हिचा हात हातात घेतला. सुट्टीत मुलींना बापाकडे पाठवायचं आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल करून द्यायचा, एवढ्या अटींवर सगळं सुटलं. "मावशी, सगळे माझं अभिनंदन करत होते," ती मला म्हणाली, "आणि मला त्याचं तेच वाक्य ऐकू येत होतं."

इथे तिने एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या. खाली मशीन चालायची, त्यामुळे फरशी सदा कोमट आणि खिडक्यांच्या काचांवर वाफ. मुलींना गंमत वाटायची, अनवाणीच फिरायच्या. मोठी अकरा वर्षांची, समजूतदार, आईसारखीच कमी बोलणारी. ठकी सहाची, तोंडाची टकळी चालू. लॅबमध्ये आली की प्लास्टरच्या जबड्यांची तोंडं उघडमीट करून त्यांना भांडायला लावायची.

सुरुवात झाली ती दात घासण्यावरून. एका सकाळी ठकी म्हणाली, मला ब्रश नको, माझे घासून झाले.

"कधी घासलेस?"

"तिकडे."

आई हसली. पोरांच्या सबबींना अंत नसतो. मग हे रोजचं झालं. दातांनंतर दूध आलं, ते तिकडे पिऊन झालं होतं. मग जेवण. ताटापुढे बसायची, दोन घास उष्टवायची आणि म्हणायची, पोट भरलंय. जेवण कुठे झालं? तिकडे. तक्रार नाही, हट्ट नाही. शेजारच्या खोलीत जाऊन आल्यासारखं सांगायची. हाडं दिसायला लागली तेव्हा आईने डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळं तपासून सांगितलं, काही नाही, घर सुटलेली मुलं असं करतात, रुळेल.

मग रविवारच्या कॉलकडे तिचं लक्ष गेलं. एरवी ती मुलींना मोबाइल देऊन दुसऱ्या खोलीत जायची. आता दाराआड उभी राहू लागली. एखादा बाप विचारतो, जेवलीस का, अभ्यास केलास का. हा विचारायचाच नाही. हा सांगायचा. "काल छान जेवलीस हो, अंडं संपवलंस सगळं." किंवा, "पायऱ्यांवर पळू नको म्हटलं होतं ना, गुडघा खरचटला की नाही?" बोलताना त्याची नजर मोबाइलवर नसायचीच. ती बाजूला, खोलीत कुठेतरी, लहान मुलाच्या उंचीवर असायची. आणि ठकी मान डोलवायची. तिच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं, पण त्या संध्याकाळी ती लंगडत होती.

दुसऱ्या दिवशी हे सांगताना तिच्या हातातलं मेण थिजलं तरी तिला कळलं नाही. मी म्हटलं, अगं, कोणाच्या तरी मोबाइलवरून तो पोरीशी रोज बोलत असेल, मनात भरवत असेल. हे तिलाही पटलं, पटवून घ्यावंसं वाटलं. शाळेत जाऊन चौकशी केली, लाँड्रीवाल्याला विचारलं, मोठीला समोर बसवून दाताच्या कण्या केल्या. काही निघालं नाही. वर्गशिक्षिका उलट म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण कधीकधी हजेरीला उत्तर देत नाही. का म्हणून विचारलं तर म्हणते, "मी तेव्हा नव्हते."

मोठी शाळा सुटल्यावर लॅबमध्ये येऊन माझ्या टेबलाच्या टोकाला अभ्यास करायची. एकदा आई साचे आणायला आत गेली होती. मोठीने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, ती खरंच जाते."

मी विचारलं, कोण, कुठे जाते.

"ठकी. ती जाते तेव्हा तिचे पाय गार पडतात. आमची फरशी गरम असते ना, तरी. मी हात लावून बघते. परत आली की पुन्हा गरम होतात."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. काय ते आता आठवतही नाही. ती ऐकत होती असं वाटलं नाही. मग ती म्हणाली, "बाबा हाक मारतात. मलाही मारतात. रोज मारतात. मी ओ देत नाही."

मुलगी अकरा वर्षांची, दप्तराला सशाचं चित्र लटकवलेलं, आणि चेहरा असा की घरातलं मोठं माणूस तीच.

हे मी तिच्या आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुट्टी लागली की पाठवायचं आहे त्यांना. कोर्टाचा हुकूम आहे. नाही पाठवलं तर उद्या तो कोर्टात जाईल आणि मुली त्यालाच द्याव्या लागतील. मावशी, तुम्ही याल माझ्याबरोबर?" मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर, तोवर मलाही बघायचं होतं.

निघायच्या थोडं आधी लॅबमध्येच ठकीचा वरचा पुढचा दात पडला. नुसती धमाल. मालक म्हणाले, इथे पडलाय तर इथेच लावून देतो, कुठला रंग हवा? ठकी बोटाने दातांमधली खिडकी दाखवत सगळ्यांपुढे हसत फिरली. तिचं तसं हसणं बऱ्याच दिवसांनी ऐकलं. शेजारचा हलत होता, पण पडण्याइतका सैल नव्हता. तेवढं मी पाहून घेतलं, सवयच ती.

प्रवास लांबचा. पोचलो तेव्हा सकाळ चांगली वर आली होती. साधीसुधी इमारत, उजेडाचा जिना, कुठल्याशा मजल्यावर कोणी गालिचा झटकत होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. आई पुढे, तिच्या हाताला ठकी, मागे मोठी, शेवटी मी. तिने बेल वाजवली.

दार त्यानेच उघडलं. मी मनात कोणीतरी खुनशी माणूस उभा केला होता. समोर होता तो एक थकलेला, स्वच्छ दाढी केलेला, मऊ चेहऱ्याचा माणूस. खांद्यावर टॉवेल. त्याने बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मुलींकडेही पाहिलं, पण अनोळखी घरच्या मुलांकडे बघावं तसं. मग ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "हळू हं. दोघी आत झोपल्यात. आत्ताच खाऊन पडल्या."

तिच्या हातून पिशवी सुटली. तो आवाज झाल्याबरोबर त्याने दचकून आतल्या खोलीकडे पाहिलं, कोणी जागं झालं की काय म्हणून.

आम्हाला त्याने बाहेरच्या खोलीत बसवलं. पाणी आणलं, पाहुण्यांना देतात त्या चांगल्या ग्लासांतून. मुलींनाही तसेच ग्लास दिले. मोठीने तो हातात धरला, प्यायली नाही. तिची आई मला खूण करून उठली आणि आम्ही दोघी आत गेलो.

मुलींच्या खोलीत पडदे ओढलेले. दोन खाटा, दोन्हींवर पांघरुणं गळ्यापर्यंत आणलेली, उशांत खळगे. पांघरुणांखाली कोणी नव्हतं. हे मी हात लावून पाहिलं. गादी कोमट होती. उन्हाने झाली असेल, मी स्वतःला सांगितलं, आणि मग पडद्यांकडे लक्ष गेलं. न्हाणीघरात कपात दोन छोटे ब्रश, दोन्ही ओले. त्यांच्या बुंध्याशी अजून फेस होता.

स्वयंपाकघरात टेबलावर चार ताटल्या होत्या. एक त्याची, पुसून लख्ख. एकीतलं सगळं तसंच, त्याला कोणी शिवलेलं नव्हतं. ती त्याच्या आईची असणार. मोठीच्या जागेवरचं अंडंही आख्खं होतं. चौथ्या ताटलीत पावाचा एक तुकडा होता, लोणी लावलेला, दोनदा चावलेला.

आम्ही दोघींनी त्या चाव्याकडे पाहिलं. जन्मभर तेच पाहिलं होतं. लहान कमान, दुधाचे दात, वर मधोमध एका दाताची फट आणि तिच्या शेजारी जरासा तिरका उमटलेला दात, हलणाऱ्या दाताचा उमटतो तसा. मोठ्या माणसाला वाट्टेल ते करूनही असा चावा घेता यायचा नाही. मी तिच्याकडे पाहिलं नाही, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने तो तुकडा उचलला, नळाखाली धरला आणि बोटांनी चुरून टाकला. पुढे त्या तुकड्याबद्दल आम्ही आजतागायत एक शब्द बोललेलो नाही.

ती बाहेर आली ती थेट, "चला, उठा, निघायचंय." कोर्ट, हुकूम, सगळं गेलं खड्ड्यात. पण ठकी तिच्या जागेवर नव्हती. ती आतल्या खोलीच्या दाराशी पोचली होती आणि उंबऱ्यावर थबकून आत, आपल्या खाटेकडे बघत होती. तिचा बाप मागून कौतुकाने म्हणाला, "बघ, बघ, पण उठवू नको तिला." ठकी म्हणाली, "ती माझ्या जागेवर आहे." तिचा आवाज रडवेला नव्हता. दमलेलं माणूस आपली खुर्ची मागतं, तसा होता. आणि तिने पाऊल उचललं.

तिची आई धावली. मीही उठले. पण आमच्या दोघींच्या आधी मोठी बोलली. ती जागची उठलीसुद्धा नव्हती. ग्लास तसाच हातात.

"बाबा."

त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. आवाज तिकडून आला असं त्याला वाटलं.

"बाबा, इकडे. तुम्ही रोज हाक मारता, मी ओ देत नाही. मला भीती वाटते. आता मी मारतेय. बाबा."

तो वळला नाही. त्याच्या पाठीवरून दिसत होतं की त्याला ऐकू आलं आहे. खांदे वर चढले होते, ओझं उचलणाऱ्यासारखे. खोलीत कोणी हललं नाही. ठकीचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता, आईने तिला मागून धरलं होतं, आणि नंतर तिने मला सांगितलं की त्या घडीला पोरीचं अंग तिथल्या फरशीसारखं गार लागत होतं.

"बाबा," मोठी पुन्हा म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज ती कापू देत नव्हती.

फार उशिराने, फार खोलातून, तो म्हणाला, "ओ."

आणि वळला. त्याने मोठीकडे पाहिलं. असं पाहिलं की दारात उभी असताना त्याने तिला पाहिलंच नव्हतं, हे तेव्हा कळलं. तो जवळ आला आणि गुडघ्यांवर बसला. बसल्यावर ती त्याच्यापेक्षा उंच झाली, याचंच त्याला नवल वाटलं. "किती वाढलीस," तो म्हणाला. मग इकडे तिकडे बघत, "कधी आलात?"

"आत्ताच."

"मग आत..." तो म्हणाला, आणि वाक्य त्याने पुरं केलं नाही. टॉवेलात तोंड खुपसून तो रडायला लागला. त्याची बायको नंतर म्हणाली, आई गेली तेव्हासुद्धा तो रडला नव्हता, सगळ्यांनी त्याच्या धीराची तारीफ केली होती.

ठकीने आईचे हात सोडवले, मागे वळून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला भूक लागली." आईने त्याच घरात, त्याच शेगडीवर तिला खायला केलं, आणि पोरगी पुढ्यातलं सगळं संपवून परत मागत होती.

इथून पुढे गोष्ट साधी आहे. आम्ही दोघी जवळच्या लॉजवर राहिलो. मुली रोज सकाळी जायच्या आणि उजेड आहे तोवर परत यायच्या. आईने तेवढी अट घातली आणि त्याने मान्य केली. एका मानसोपचार डॉक्टरांकडे ती स्वतः त्याला घेऊन गेली. संसार पुन्हा जुळला नाही. त्याला तो मागायचा धीर नव्हता, तिला द्यायची इच्छा नव्हती. घटस्फोट झाला, पण भांडण न होता. ठकीच्या तोंडी "तिकडे" हा शब्द पुन्हा आला नाही. मोठीने मात्र बरेच दिवस कोणाच्याही पहिल्या हाकेला उत्तर दिलं नाही. दोनदा मारावी लागायची, मग म्हणायची, "ओ, ऐकलं."

डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुढच्या सुट्टीत त्याने ते घर सोडायचं ठरवलं. पंपघराजवळ एक खोली घेतली. सामान हलवायला ती गेली होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण म्हणाली, एकट्याला नाही जमायचं. मुली खाली टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या होत्या. घर रिकामं झालं, भिंतींवर कपाटांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. त्याने खिडक्या उघडल्या, आईच्या खोलीचं दार उघडलं, मुलींच्या खोलीचं उघडलं, आणि मग बाहेरचं दार सताड धरून जिन्यात उभा राहिला.

तिला वाटलं, काही राहिलं का हे आठवतोय. पण तो आत बघत, अगदी सहज म्हणाला, "चला, निघा आता सगळ्या. आई, तूसुद्धा."

आणि दार धरून उभाच राहिला. चपला घालायला वेळ लावणाऱ्या मुलांसाठी, गुडघे धरून चालणाऱ्या म्हातारीसाठी माणूस थांबतो, तेवढा थांबला. जिना अरुंद होता. हे सांगताना तिच्या हातात मेण होतं आणि नजर मेणावर होती. "मावशी, माझा काही विश्वास नाही कशावर, तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "पण मी भिंतीला टेकले. वाट दिली."

मग त्याने दार ओढून घेतलं.